हाक मारली तरी बघत नाही

"मॅडम, हाक मारली तरी बघत नाही. पण मोबाइलवर जाहिरात लागली की आतल्या खोलीतून धावत येतो. म्हणजे कान चांगलेच आहेत ना?"

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या किंवा तशी शंका असलेल्या लहान मुलांबरोबर मी काम करते. दर आठवड्याला कुणी ना कुणी आई-बाबा हे विचारतात. घरच्यांनी समजूतही घातलेली असते. मुलगे उशिराच बोलतात. त्याचे बाबा चौथ्या वर्षी बोलायला लागले. शाळेत गेला की आपोआप सुधारेल.

चिनूचे आई, बाबा आणि आजी असेच आले होते (नाव अर्थातच बदललंय). चिनू दोन वर्षं चार महिन्यांचा. पिशवीत कानाच्या तपासणीचा रिपोर्ट होता आणि तो व्यवस्थित होता. हे त्यांनी फार बरं केलं. जाहिरातीला धावतो म्हणून ही तपासणी टाळू नये, काही मुलांना ठरावीक आवाजच ऐकू येतात.

आईने खाली बघत विचारलं, "मी सहाव्या महिन्यात कामावर रुजू झाले. त्यानं झालं का हे?"

नाही. हे मी प्रत्येक आईला ठामपणे सांगते. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझम हे नाव रूढ केलं. पुढची काही दशकं 'आईच्या मायेत कमी पडलं' असं म्हणत कितीतरी बायकांना दोषी धरलं गेलं. ती समजूत केव्हाच मोडीत निघाली आहे. मूल जन्मतःच वेगळ्या घडणीचा मेंदू घेऊन येतं. मोबाइल कमी करा असं मीही सांगते. त्यानं ऑटिझम होतो म्हणून नव्हे, तर माणसांशी खेळायचा वेळ तो खातो म्हणून.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "चिनू तुम्हाला काही दाखवतो का?"

"हो, पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेतो."

"ते मागणं झालं. दाखवणं? खिडकीत कावळा आला, आई बघ, असं?"

आई गप्प. आजी म्हणाल्या, "नाही हो. शेजारचं वर्षाचं पोर बोटानं चिऊ दाखवतं."

आजींनी नेमकं ओळखलं होतं. नऊ महिन्यांच्या आसपास बाळ आपण मोठी माणसं जिकडे बघतो तिकडे बघू लागतं. वर्षाच्या सुमारास बोटाने दाखवणं येतं. बाळ कावळा बघतं, वळून आईच्या चेहऱ्याकडे बघतं, पुन्हा कावळ्याकडे. दोघांची नजर एकाच गोष्टीवर असताना आई 'काऊ' म्हणते आणि तो शब्द चिकटतो. बाळ पंख्याकडे बघत असेल तर तोच शब्द हवेत विरतो. 'बोलेल कधी?' हे सगळे विचारतात. माझं लक्ष 'दाखवेल कधी?' याकडे असतं. इतक्या वर्षांच्या कामातून माझं हेच मत पक्कं झालंय.

घरी उलटंच चाललं होतं. "इकडे बघ, माझ्याकडे बघ" म्हणत आजी त्याची हनुवटी धरायच्या आणि तो डोळे मिटून घ्यायचा. मी ते आधी थांबवलं. ऑटिझम असलेली अनेक मोठी माणसं सांगतात की डोळ्यांत बघायला लावलं की समोरचा काय बोलतोय तेच कळेनासं होतं.

चौथ्या भेटीत चिनूला माझ्याकडच्या स्टीलच्या डब्याचं झाकण सापडलं. ते फरशीवर गरगर फिरवायचं आणि गाल जमिनीला टेकवून बघत राहायचं. बाबा काढून घ्यायला उठले. मी म्हटलं, "राहू द्या. तुम्ही पण झाकण घ्या आणि त्याच्यासमोर पालथे पडा. बोलू नका."

ऑफिसच्या इस्त्रीच्या शर्टातले बाबा फरशीवर आडवे झाले. त्यांचं झाकण खणखणत फिरलं. चिनू सरकून जवळ आला. असं पाच-सहा वेळा झाल्यावर मी खूण केली आणि बाबांनी फिरत्या झाकणावर तळहात ठेवला. आवाज बंद. चिनू हाताकडे बघत राहिला. आजी काहीतरी म्हणणार होत्या, मी ओठांवर बोट ठेवलं. दहा-बारा सेकंद गेले असतील. मग त्याची नजर हातावरून मनगटावर, बाहीवर आणि हळूच बाबांच्या चेहऱ्यावर गेली. तिथून पुन्हा झाकणावर.

"फिरररर!" बाबांनी हात उचलला. चिनू हसला. त्यांचा आवाज मात्र भरून आला होता.

त्या दिवशी मला पुन्हा पटलं, मुलाचं लक्ष ओढून आणण्यापेक्षा ते जिथे आहे तिथे आपण जाऊन बसावं.

घरी एवढंच करा. दिवसातून चार-पाच वेळा दहा मिनिटं, टीव्ही बंद करून त्याच्या पातळीवर समोर बसा. तो ज्याकडे बघतोय त्याचंच नाव घ्या, एक-दोन शब्दांत. त्याला आवडतं ते सुरू करा, मध्येच थांबवा आणि मनात दहा आकडे मोजा. थांबून राहणं सगळ्यात अवघड जातं, आपल्या माणसांना तर फारच! आवडता खाऊ घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवा, म्हणजे तुमच्याकडे यायला त्याला कारण मिळेल.

आणि वाट बघत बसू नका. वर्ष उलटलं तरी नावाला प्रतिसाद नाही, दीड वर्षापर्यंत बोटाने दाखवणं नाही, किंवा आलेले शब्द गेले, तर बालविकासतज्ज्ञांना गाठा. अनेक जिल्हा रुग्णालयांत यासाठी डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) हे केंद्र असतं, तिथली तपासणी मोफत आहे. निदान डॉक्टरच करतील, पण खेळायला निदानाची वाट बघावी लागत नाही.

चिनूला पुढे ऑटिझमचं निदान झालं. तो आता सव्वातीन वर्षांचा आहे, वीसेक शब्द आहेत, गर्दीत अजून कान झाकतो. परवा आजींचा फोन आला.

"मॅडम, गॅलरीत उभा होता. तारेवर पतंग अडकलाय, तो बोटानं दाखवला आणि वळून माझ्याकडे बघितलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"पतंग म्हटलं. आणि दोघं बघत बसलो, अंधार पडेपर्यंत."