वाचकांचे प्रश्न : शत्रूच्या हाती लागलेल्या फ्रेंच पाणबुड्या

प्रश्न : पहिल्या महायुद्धात बुडालेली एक फ्रेंच पाणबुडी शत्रूने वर काढून वापरली, असे वाचले. बुडालेली पाणबुडी पुन्हा चालते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : चालते. मात्र पाणी उथळ हवे आणि सांगाडा शाबूत हवा. तुम्ही वाचलेल्या त्या फ्रेंच पाणबुडीच्या, म्हणजे 'क्युरी'च्या बाबतीत दोन्ही जुळले. २० डिसेंबर १९१४ रोजी ती ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पोला बंदरात (आजचे क्रोएशियातील पुला) चोरून शिरत असताना तोंडाशी सोडलेल्या पोलादी जाळ्यांत अडकली. अशा वेळी पंखे उलटसुलट फिरवून सुटायची धडपड करावी, तर बॅटरी संपते, आतली हवाही जड होत जाते. काही तासांनी तिला वर यावेच लागले आणि तोफांच्या माऱ्यात ती बुडाली.

१९१५च्या सुरुवातीला तिला वर काढले. अशा कामात पहिली धास्ती बॅटरीची. खारे पाणी आम्लात मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. विजेच्या मोटारी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवाव्या लागतात, नाहीतर वेटोळी जळतात. जून १९१५मध्ये ती 'यू-१४' नावाने शत्रूच्या ताफ्यात दाखल झाली. पुढे ऑस्ट्रियन कप्तान गेओर्ग फॉन ट्राप यांनी याच पाणबुडीतून ऑगस्ट १९१७मध्ये 'मिलाझ्झो' हे ११,००० टनांहून मोठे इटालियन मालवाहू जहाज बुडवले. युद्ध संपल्यावर ती फ्रान्सला परत मिळाली.

प्रश्न : पाणबुडी सोडून द्यायची वेळ आली, तर खलाशांनी आधी काय करायचे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी कागद, मग पाणबुडी. सांकेतिक पुस्तके, नकाशे आणि हुकूम जाळायचे किंवा वजन बांधून खोल पाण्यात सोडायचे. किनाऱ्याजवळ नुसते पाण्यात टाकून भागत नाही, पाणबुडे ते वर काढतात. मग झडपा उघडून पाणी आत घ्यायचे.

जुलै १९१५मध्ये तुर्कस्तानातील दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत 'मारियोत' ही फ्रेंच पाणबुडी पाणसुरुंगाच्या दोराला अडकून वर आली, तेव्हा कप्तानाने ती स्वतःच बुडवली. ३० ऑक्टोबरला त्याच सामुद्रधुनीत दुसरी फ्रेंच पाणबुडी 'तुर्क्वाज' किनाऱ्याजवळ रुतली आणि जवळजवळ धडधाकट तुर्कांच्या हाती गेली, कागदांसकट! त्यांत ब्रिटिश 'ई-२०' पाणबुडीला भेटायची जागा नोंदलेली होती. तिथे जर्मन 'यूबी-१४' दबा धरून बसली आणि आठवडाभरात 'ई-२०'ला पाणतीराने बुडवले. तिच्यावरचे मोजकेच लोक वाचले. पाणबुडी गमावणे एकवेळ समजू शकते. न जाळलेल्या कागदांनी दोस्तांचा जीव घेतला, हे मात्र अक्षम्य आहे.

प्रश्न : 'सुर्कूफ'चे अवशेष सापडले का? – एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. दोन २०३ मिलिमीटर तोफा आणि एक छोटे विमान वाहणारी ही प्रचंड फ्रेंच पाणबुडी दुसऱ्या महायुद्धात, १८-१९ फेब्रुवारी १९४२च्या रात्री कॅरिबियन समुद्रात, पनामाच्या उत्तरेस, १३० जणांसह बुडाली. 'थॉम्सन लाइक्स' या अमेरिकी मालवाहू जहाजाने त्याच रात्री काळोखात कशाला तरी धडकल्याचे कळवले होते. युद्धकाळात दिवे मालवून जहाजे चालत. म्हणून टक्कर हेच कारण आम्हाला सर्वात पटते.