अरबी समुद्रातल्या नायट्रोजनचा हवामानाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो. तिथले जिवाणू मग श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होतो. म्हणजे सूक्ष्म शैवालांचं खतच कमी होतं, पर्यायाने त्यांनी शोषायचा कार्बन डायऑक्साइडही.

मला जास्त काळजी वाटते ती अर्धवट राहिलेल्या प्रक्रियेची. त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट तापवतो! गोव्यात कांदोळीसमोरच्या उथळ समुद्रातही सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा ऑक्सिजन संपतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथे वर्षानुवर्षं मोजमापं घेतली आहेत. शेतांतून वाहून येणारं खत या ऑक्सिजन-टंचाईत भर घालू शकतं.