थंडरबर्डमधले जुने मेल अचानक दिसेनासे झाले, परत कसे आणू?

आधी वरची क्विक फिल्टरची पट्टी बघा. ऐन चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या आमच्या दुकानात पुरवठादारांचे मेल ‘गेले’ म्हणून अर्धा दिवस बोंबाबोंब. निघालं काय, तर ‘न वाचलेले’चं बटण दाबलेलं! भाच्याचा प्रताप.

तिथं काही नसेल तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. मेल सहसा शाबूत असतात, बिघडते ती डॉट एमएसएफ नावाची सूची; ती यानं नव्यानं बनते. त्याआधी प्रोफाइल फोल्डरची (थंडरबर्ड मेल आणि सेटिंग जिथं साठवतो त्याची) कॉपी पेनड्राइव्हवर घ्याच.

आणि कॉम्पॅक्टला, म्हणजे डिलीट केलेले मेल फाइलीतून कायमचे पुसणाऱ्या पर्यायाला, मात्र हात लावू नका. पॉप खातं (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं) असेल तर डिलीट केलेला मेलही कॉम्पॅक्ट करेपर्यंत मूळ फाइलीतच पडून असतो. आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारं) असेल तर ब्राउझरमधून वेबमेलच्या ट्रॅशमध्ये डोकावा.