गॉडस्पीड म्हणजे देवाचा स्पीड नव्हे!

प्रश्न असा आलाय की नोकरी सोडताना मॅनेजरने निरोपाच्या मेलमध्ये शेवटी नुसतं 'गॉडस्पीड' लिहिलं, तर "जा एकदाचा लवकर" असा टोमणा आहे का? नाही हो. पण हल्ली जो तो "गॉडस्पीडने काम उरकलं" म्हणतो ना, ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. प्रकाशाचा स्पीड एवढा तर देवाचा केवढा असेल, असा काहीतरी हिशोब असणार!

स्पीड म्हणजे वेग हे शेंबड्या पोरालाही माहितीये, ते सोडा. जुन्या इंग्रजीत 'स्पेड' म्हणजे यश, भरभराट, संपत्ती. 'गॉड स्पीड यू' म्हणजे देव तुला यश देवो. 1962 साली अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तेव्हा त्याचा सहकारी अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर "गॉडस्पीड, जॉन ग्लेन" म्हणाला, आता ताशी 28,000 किमीने फिरणाऱ्या माणसाला आणखी वेग कशाला हवाय? 'मोअर हेस्ट, लेस स्पीड' या म्हणीतही तेच, जितकी घाई तितकं यश कमी. डचमध्ये तर दोन्ही अर्थ अजून नांदतायत, 'स्पूट' म्हणजे घाई आणि 'फोरस्पूट' म्हणजे भरभराट.

आता खरी मजा. काही डिक्शनऱ्या स्पीडपुढे 'मूळ जर्मॅनिक' (इंग्रजी, डच, जर्मन यांचं घराणं) एवढंच लिहून हात झटकतात, आळशीपणा नुसता. अहो, आपल्या संस्कृतात 'स्फायी वृद्धौ', म्हणजे 'वाढणे' या अर्थाचा धातू आहे, पाणिनीने 'स्फायः स्फी निष्ठायाम्' असं वेगळं सूत्र दिलंय, त्यातूनच स्फीत, म्हणजे फुगलेलं, वाढलेलं, आणि हिंदीवाले महागाईला मुद्रास्फीती म्हणतात तीही तिथलीच. वेदात 'स्फाति' म्हणजे गुराढोरांची, धान्याची वाढ. ही सगळी स्पीडची चुलत भावंडं. चुलत म्हणालो बरं का, लगेच "बघा, इंग्रजी संस्कृतातून निघाली" म्हणून उड्या मारू नका, आणि स्पीड हा 'स्पंद'वरून आला म्हणणाऱ्यांनी तर बसूनच राहावं.

पण स्पीडचा अर्थ 'यश'वरून 'वेग' झाला कसा? माझी लाडकी थिअरी सांगतो, पटली तर घ्या. मराठीत बघा, 'भरभर' म्हणजे पटापट आणि 'भरभराट' म्हणजे उत्कर्ष! काम फळाला येतंय तर ते झपझप पुढे सरकतंय असंच माणसाला वाटतं, मग तो लंडनचा असो की लातूरचा. भरभर हा नुसता आवाजावरून आलेला शब्द आहे असं मला ऐकवणारे भेटतात, मग भरभराटीचा आवाज कसा येतो तेही त्यांनी करून दाखवावं. तिजोरीत नाणी पडल्यासारखा येत असेल तर माझंच म्हणणं खरं ठरतं!

हां, ते मेलचं राहिलंच. मॅनेजरने चक्क आशीर्वाद दिलाय, आपल्या 'शुभास्ते पन्थानः सन्तु'सारखा. थँक यू म्हणा आणि लॅपटॉप जमा करा.