सासूबाईंच्या नावाचा डबा

प्रश्न : मी ठाण्यात कोपरीला राहते, मोठ्या जाऊबाई ऐरोलीला. सहा वर्षांपूर्वी सासरे वारले. अंत्यविधीला जमलेल्या सगळ्यांसमोर जाऊबाई म्हणाल्या, "सेवा आम्ही केली, नाव मात्र हिचं." तेव्हापासून त्या माझा द्वेष करतात, लग्नकार्यात तोंड फिरवतात. मी त्यांना क्षमा केली आहे. रोज त्यांच्यासाठी प्रार्थनाही करते, पण मनात प्रेम म्हणून उमटत नाही. गेल्या नाताळात त्यांनी पुतण्याबरोबर करंज्या पाठवल्या. दाखवण्यापुरत्याच, म्हणून आम्ही खाल्ल्या नाहीत, कामवाल्या मावशींना दिल्या. सासूबाईंचं नाव घातलेला तो डबा अजून माळ्यावर पडलाय. वैऱ्यांवर प्रीती करायला ग्लॅडिस स्टेन्सबाईंसारखं मन मी कुठून आणू?

उत्तर : ताई, तुमच्या चार पानी पत्रात त्या डब्याबद्दल एकच ओळ आहे. मी तिथेच अडकले.

आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, आणि ठेवून तर घेतच नाहीत. हे जाऊबाईंनाही ठाऊक आहे. संबंध तोडायचाच असता तर त्यांनी करंज्या पाठवल्याच नसत्या, आणि नुसतं दाखवायचं असतं तर पिशवीत घालून दिल्या असत्या. त्यांनी स्टीलचा डबा काढला, तोही सासूबाईंच्या नावाचा. असा डबा माणूस परत यावा म्हणूनच पाठवतो. नाताळापासून त्या वाट बघत असतील, असं मला वाटतं.

मनात प्रेम उमटत नाही म्हणता. पण ते आधी उमटायला हवं असं कोणी सांगितलं? बायबलात, लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, वैऱ्यांवर प्रीती करा म्हटल्यावर प्रभू येशू लगेच कामं सांगतो : द्वेष करणाऱ्यांचं बरं करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. त्यातलं शेवटचं तुम्ही करता. पहिलं अजून राहिलंय. त्याच्याही कितीतरी आधी, निर्गमाच्या 23 व्या अध्यायात आज्ञा आहे की शत्रूचा बैल किंवा गाढव मोकाट फिरताना दिसलं, तर त्याचं त्याला नेऊन द्यावं. नेऊन देताना मनात काय असावं, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. तुमच्या माळ्यावर तो बैल कधीचा बांधून पडलाय.

आता मत्तयाचा पाचवा अध्याय उघडा, 23 वं वचन. वेदीशी दान आणल्यावर आठवण झाली, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करायला जा. कसली आठवण? आपल्या मनात भावाविरुद्ध काही आहे ही नव्हे. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, ही. "सेवा आम्ही केली" हे वाक्य तुम्ही अपमान म्हणून लिहिलंत. ते खरं होतं की खोटं, हे मात्र चार पानांत कुठेच नाही. सासऱ्यांचं शेवटचं आजारपण कोणाच्या घरी गेलं? रात्री त्यांच्यासाठी कोण उठत होतं? हे तुम्हाला माहीत आहे, ताई.

स्टेन्सबाईंचं नाव इथे आणू नका. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती आणि दोन लहान मुलगे गाडीत जिवंत जाळले गेले. बाईंनी क्षमा केली आणि त्यानंतरही काही वर्षं बारिपदामध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिल्या. तेवढं तुमच्याकडे कोणी मागत नाहीये. मारझोड असती, धमक्या असत्या, तर मीच तुम्हाला त्या दारात जाऊ दिलं नसतं. इथे भर लोकांत बोललेलं एक वाक्य आहे, आणि मग सहा वर्षांचा अबोला.

या रविवारी उपासनेला जाऊ नका. डबा खाली काढा, घासा, सासऱ्यांना आवडायचं ते काहीतरी स्वतःच्या हाताने करून त्यात भरा. ठाण्याहून वाशीची गाडी घ्या, दिघा गावानंतर ऐरोलीच आहे. नवऱ्याला पुढे करू नका, पुतण्याच्या हातात डबा देऊ नका. दारात उभं राहून म्हणा, "वहिनी, डबा द्यायला फार उशीर केला." करंज्या कशा झाल्या होत्या असं त्यांनी विचारलं, तर खोटं बोलू नका. खाल्ल्या नाहीत म्हणून सांगा, आणि त्या काय बोलतील ते सगळं ऐकून होईपर्यंत तिथून हलू नका.