‘छान आहे, लिहीत रहा’ म्हणू की खरं सांगू?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. एस.वाय.च्या एका मुलाने एकांकिका लिहिलीये, स्पर्धेला करायचीये म्हणतो, आणि वाचून "मॅडम खरं खरं सांगा" म्हणून संहिता माझ्या हातात देऊन गेलाय. मुंबईतला एक कॉर्पोरेट मॅनेजर, हातात व्हिस्कीचा ग्लास, लांबलचक स्वगतं, शेवटी गच्चीवरून उडी. अगदी सिरियल वाटते हो. पण मधेच फ्लॅशबॅकची अडीच पानं आहेत, मुकादम उचल (हंगामाआधीचे आगाऊ पैसे) द्यायला येतो, आजी पैसे दोनदा मोजते आणि तरी म्हणते "तूच मोज रे बाबा", ती वाचून अंगावर काटा आला. मुलाचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. पोरगं हळवं आहे, खरं सांगितलं आणि लिहिणंच सोडलं तर? पंधरा दिवस झाले, मी त्याला टाळतेय.

उत्तर : मॅडम, पहिलं म्हणजे टाळणं बंद करा. पंधरा दिवसांत त्याने काय काय समजून घेतलं असेल देव जाणे, तुमच्या कुठल्याही वाक्यापेक्षा ते वाईटच असणार.

आता खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं. "जमलं नाही" हा निकाल झाला, त्यावर तो पुन्हा लिहायला बसू शकत नाही. आणि "छान आहे" वर तर अजिबातच नाही. मी कॉलेजात असताना माझी पहिली संहिता सरांनी "उत्तम!" लिहून परत दिली होती, त्यांनी चौथ्या पानापुढे वाचलं नव्हतं हे मला नंतर कळलं कारण पुढची दोन पानं उलटी लागली होती. (राग अजून आहे.)

एक चूक मात्र करू नका, जी आपण मास्तर लोक हमखास करतो. "अरे तू आपल्या मातीतलं लिही ना" असं म्हणू नका. ऊसतोड कामगाराच्या मुलाने ऊसतोडीवरच लिहायचं आणि मुंबईवर मुंबईकरांनी, हा कुठला नियम? त्याला मॅनेजर लिहायचाय तर लिहू दे.

फक्त त्याची अडीच पानं आणि बाकीची वीस पानं शेजारी ठेवा. मुकादम किती उचल देतो, एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, किती, दसरा झाला की ट्रक कधी येतो हे त्याला सगळं माहितीये, म्हणून आजीला भाषण द्यावं लागत नाही, ती नुसती पैसे मोजते. मग त्याला विचारा, तुझ्या मॅनेजरच्या घराचा हप्ता किती रे? ऑफिसात नक्की काय काम करतो? उडी मारायच्या दिवशी दुपारी काय जेवला? त्याला उत्तरं येणार नाहीत, आणि का येत नाहीत ते त्याचं त्यालाच कळेल, तुम्हाला "सिरियल" हा शब्द काढायची गरजच नाही. काढूही नका, लागतो तो.

पेन्सिल घेऊन समासात खुणा करा, जिथे तुम्ही ओळी गाळून पुढे गेलात तिथे रेघ, जिथे थांबलात तिथे टिंब. आणि शक्य असेल तर दोन-तीन पोरांना संहिता मोठ्याने वाचायला लावा, हा गप्प बसून ऐकेल. स्वगत वाचताना वाचणाऱ्याचाच श्वास संपतो, तो आवाज लेखकाला बरोब्बर ऐकू येतो.

शेवट मात्र तुम्ही सुचवू नका. उडी नको तर काय, हे त्याने शोधायचं. स्पर्धेच्या गडबडीत मार्गदर्शकाने लिहून दिलेला शेवट नटाच्या तोंडून ऐकताच ओळखू येतो.

राहिलं लिहिणं सोडेल का ते. सोडेलही आठवडाभर, गॅरंटी नाही देत. पण तुम्ही नाही सांगितलं तर परीक्षक सांगतील, तेही तालमी, नेपथ्य, वर्गणी सगळं होऊन गेल्यावर. 2022 साली पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत परीक्षकांनी करंडकच दिला नाही, त्या तोडीची एकही एकांकिका नाही म्हणून, केवढा वाद झाला होता. परीक्षक बरोबर होते की चूक ते सोडा, पण त्या वेळी संहितेत काही बदलायची सोय कुणालाच उरलेली नव्हती. तुमच्या पोराला आहे.

उद्याच बोलवा. आणि आधी त्या "तूच मोज रे बाबा" बद्दल बोला, गोड बोलायचं म्हणून नाही, काटा खरंच आला म्हणून. दुसरा खर्डा झाला की मलाही पाठवा, त्या मुकादमाचं पुढे काय होतं ते वाचायचंय.