वाचकांचे प्रश्न : १८ हजारांचा आत्मविश्वास

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांची गाठ एकच आहे. आपल्या शरीराची वाटणारी लाज मनातून जावी म्हणून मदत हवी आहे, पण त्या मदतीची किंमत खेड्यातल्या घराला झेपणारी नाही. पत्रलेखकांची नावे आणि गावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची असून तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रंगाने सावळी आणि अंगाने फार किडकिडीत आहे. गेल्या वर्षी दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. एकांनी फोनवर नकार कळवला. दुसऱ्यांनी आमच्याच ओट्यावर बसून ‘पोरगी चांगली हाय, पण जराशी काळी पडते’ असे म्हटले आणि ते तिने आतून ऐकले. तेव्हापासून ती लग्नकार्यात येत नाही, फोटो काढू देत नाही, आणि मेडिकलमधून आणलेली कसलीशी ट्यूब रात्री चेहऱ्याला लावते. आता मोबाइलवर तिला आत्मविश्वासाचे कोचिंग सापडले आहे. १२ आठवड्यांचे १८ हजार रुपये, त्याच दिवशी भरले तर १३ हजार. आमचे ३ एकर कोरडवाहू वावर आहे. बचत गटातून कर्ज काढावे आणि लाडक्या बहिणीचे १५०० रुपये हप्त्यात जावेत, असा हिशेब तिनेच मांडून दाखवला. पैसे भरावेत का? की आमच्यासारख्यांनी असे काही मागूच नये?
— एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. अवश्य मागावे, आणि उपकार म्हणून नव्हे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १८ नुसार सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या व्यवस्थेतून, परवडेल अशा खर्चात मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. तुमच्या मुलीने हिशेब मांडून दाखवला, याचा अर्थ तिला या कोंडीतून बाहेर पडायचे आहे. तेव्हा कर्जाला नकार देताना तिच्या इच्छेला नकार दिल्यासारखे होऊ देऊ नका.

कर्ज मात्र काढू नका. आपण काय विकत घेतो आहोत हे १३ हजार भरण्याआधी कळले पाहिजे, आणि इथे ते कळत नाही. रुग्णांवर उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि त्या परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. ‘कोच’ ही पाटी लावायला मात्र अशी कोणतीही नोंदणी लागत नाही. सगळे कोच फसवे असतात असे मी म्हणत नाही, काही फार मनापासून काम करतात. पण शिक्षण काय, पहिल्या महिन्याचेच पैसे भरून थांबता येईल का, मध्येच सोडले तर उरलेले परत मिळतील का, आणि बोलणे मराठीत होईल का, हे चार प्रश्न मुलीने लेखी विचारावेत. ‘आजच भरा’ ही घाई मनाच्या कामात बसत नाही. ती सेलची भाषा आहे.

त्याआधी दोन गोष्टी शरीराच्या. किडकिडीतपणाला आपण स्वभाव किंवा नशीब समजतो, पण आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखे नाही आणि मुलींमध्ये रक्तक्षय तर सर्रास आढळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या. या तपासणीला पैसे लागत नाहीत. दुसरी गोष्ट त्या ट्यूबची. गोरेपणासाठी हातोहात खपणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते, जे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. काही आठवडे कातडी उजळल्यासारखी वाटते, मग ती पातळ होते, उन्हात चरचरते, लालसर पडते, आणि मलम बंद केले की चेहरा आणखी बिघडल्यासारखा दिसतो, म्हणून मुली ते पुन्हा लावतात. ट्यूब फेकून देऊ नका. ती सोबत घेऊन सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात जा.

आता मनाकडे येऊ. टेली-मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. ती मोफत असून दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटल्यास पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून दिले जाते. अडचण पैशांची नसून आडोशाची आहे. घरात एकच मोबाइल, भिंतीपलीकडे चुलती, आणि ओट्यावर आजी. म्हणून मुलीला दुपारी वावरात जाऊन, रेंज मिळेल तिथे बसून बोलू द्या आणि परत आल्यावर ‘काय म्हणाले?’ असे विचारू नका.

दुसरी सोय वयाशी बांधलेली असल्यामुळे वेळ घालवू नका. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, तो १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. त्याअंतर्गत रुग्णालयांमध्ये किशोरवयीनांसाठी समुपदेशन केंद्र असते. आपल्याकडे ते ‘मैत्री’ या नावाने ओळखले जाते. ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढताना ‘मैत्री क्लिनिक कोणत्या खोलीत आहे?’ इतकेच विचारा. पुढे अधिक मदत लागली तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. जेवण टाकणे, जेवून उलटी काढणे, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे यांपैकी काहीही दिसले तर मात्र कोचिंग, दूरध्वनी, मैत्री केंद्र हा क्रम बाजूला ठेवून थेट तिथेच जावे.

या सगळ्यात जे महाग आहे ते ज्ञान नव्हे, एका माणसाने एकाच माणसाला दिलेला तास महाग असतो. शरीराच्या लाजेचे काम बऱ्याच अंशी गटात होते आणि कित्येकदा गटातच अधिक चांगले होते. सुंदर दिसण्याच्या ठरावीक साच्याविरुद्ध मुलींनी स्वतःच्या तोंडाने बोलावे, लिहावे, लहान बहिणीला पत्र लिहून समजवावे, अशा मोजक्या बैठकांच्या कार्यक्रमांचा जगभर बराच अभ्यास झाला आहे आणि प्रशिक्षण घेतलेल्या त्यांच्याच वयाच्या मुलीसुद्धा ते घेऊ शकतात. माणूस जे स्वतः चारचौघांत बोलतो, त्याच्या उलट मनात धरून ठेवणे त्याला जड जाते, एवढेच त्यामागचे तत्त्व आहे.

एका गावच्या समाजमंदिरात मी आठ मुलींबरोबर बसले होते. प्रत्येकीने स्वतःबद्दल एक चांगले वाक्य सांगायचे होते. एकीने सांगितले, ‘मी काळी असली तरी हुशार आहे.’ शेजारची, जी तासभर तोंड उघडत नव्हती, ती पटकन म्हणाली, ‘तरी कायले पायजे?’ मग फळ्यावर लिहिलेल्या सगळ्या वाक्यांतला ‘तरी’ मुलींनीच एकेक करून पुसला. ‘मी जाड असली तरी’, ‘दात पुढे असले तरी’, ‘उंची कमी असली तरी’. खडूचा चुरा आणि चहा धरून त्या दुपारचा खर्च शंभर रुपयांच्या आत होता. अर्थात एका दुपारने कुणाचे दुःख संपत नाही. त्या मुली पुढे सहा आठवडे जमल्या आणि त्यातली एक चौथ्या आठवड्यानंतर आलीच नाही.

तुमच्या गावात असा गट उभा राहू शकतो का, हे अंगणवाडी ताई आणि बचत गटाच्या ग्रामसंघाला विचारा. आणि घरातल्या घरात, पुढचे पाहुणे येतील तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पावडरचा थर देऊ नका. फुकटातले हेच काम सर्वांत अवघड असते, हे मला ठाऊक आहे.

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. केले असून वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी समुपदेशन करते. एका तासाचे ६०० रुपये घेते. २०-२५ किलोमीटरवरच्या खेड्यांतून मुली येतात, बहुतेकींची तक्रार रंग, वजन किंवा केसांबद्दलच्या हिणवण्याची असते, आणि दुसऱ्या भेटीनंतर त्या येत नाहीत. फी निम्मी केली तर माझे खोलीभाडे निघणार नाही. काय करावे?
— एक समुपदेशक

उत्तर : फी निम्मी करू नका, आधी त्या मुलीचा पूर्ण खर्च मांडा. सोबत आलेल्या आईची निंदणीची मजुरी बुडते, ती ३०० रुपये धरू. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, म्हणून ४० रुपयांच्या अंतराला दोघींचे जाण्यायेण्याचे ८० होतात. तुमचे ६०० मिळवून एका भेटीचे ९८०. तुम्ही ३०० सोडलेत तरी तिला ६८० पडतातच आणि तुमचे मात्र अर्धे उत्पन्न जाते. तेच तुम्ही पंधरवड्यातून एकदा तिच्या बाजूच्या मोठ्या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी बसलात, तर आईचा बाजार होतो, मजुरी वेगळी बुडत नाही, आणि लोकांना काही विचारायला कारण उरत नाही. बाजाराला गेलेल्या मुलीकडे कोण पाहतो?

तिथे गट घ्या. दीड तासाचे तुमचे नेहमीच्या दराने ९०० रुपये होतात. आठ मुली प्रत्येकी १२० रुपये देऊन बसल्या तर ९६० होतात. म्हणजे तुम्ही काही सोडलेले नाही आणि मुलीचा भार पाचव्या हिश्श्यावर आला. एकटीने बोलण्याची गरज असलेल्या मुलींसाठी दर दहा वेळांपैकी दोन कमी दराच्या ठेवा, तो दर पाटीवर उघड लिहा, आणि उत्पन्नाचा दाखला मागू नका. ऐपत सिद्ध करायला लावणे ही त्या मुलीची दुसरी परीक्षा होते, आणि पहिली तर ती पाहुण्यांसमोर देऊनच आलेली असते.

उधारीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. कापूस विकल्यावर पैसे देऊ असे कुणी म्हटले तर जरूर मान्य करा, पण रक्कम आणि महिना दोघांच्या वहीत लिहा, नाहीतर लाजेने ती यायची थांबते. तुरीच्या डाळीची पिशवी मीही घेतलेली आहे, नाकारणे उद्धटपणाचे झाले असते. तरी फीऐवजी वस्तू घेण्याची रीत पडू देऊ नये, कारण पुढे समुपदेशक आणि पाहुणी यांतला फरक पुसट होतो. आणि सवलतीच्या बदल्यात मुलीचा फोटो किंवा तिची कहाणी जाहिरातीला मागणे हा तर निव्वळ सौदा आहे. छोट्या तालुक्यात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो.

पैसा दुसरीकडूनही येऊ शकतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. एका लहान पंचायतीची ती रक्कम तुटपुंजी असते, म्हणून शेजारच्या तीन-चार पंचायतींना एकत्र प्रस्ताव द्या. ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत विषय आला तर सचिवांना तो टाळता येत नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर खेड्यातच भरते, त्यातली एक दुपार मागा.

गावातल्या बायकांना शिकवून हे काम चालते का, असा संशय असेल तर अमरावती जिल्ह्यातला ‘विश्राम’ हा प्रकल्प आठवा. ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी काम केले आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते काम नैराश्याचे होते, शरीराच्या लाजेचे नव्हते, हे खरे. पण दारापर्यंत कुणीतरी ओळखीचे गेले की माणसे मदत घेतात, हे तिथे दिसले. फक्त हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकट टाकू नका. त्यांच्याकडे आधीच पुष्कळ वह्या आहेत.

प्रश्न : हे सगळे मुलींसाठीच असते का? मी २२ वर्षांचा असून पोलीस भरतीची तयारी करतो. उंची १६३ सेंमी आहे, छातीही भरत नाही. मित्र ‘अर्धा तिकीट’ म्हणतात. जिममधला एक जण उंची वाढवणारी पावडर ३ हजारांना देतो आहे.
— एक उमेदवार, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : ३ हजार वाचवा. बाविसाव्या वर्षापर्यंत हाडांची वाढ थांबलेली असते आणि कोणत्याही पावडरीने ती पुन्हा सुरू होत नाही. शिपाई पदासाठी पुरुषांची उंची १६५ सेंमी आणि छाती न फुगवता ७९ सेंमी लागते. छाती व्यायामाने भरू शकते, उंचीचे दोन सेंटिमीटर भरून येणार नाहीत. म्हणून उंचीची अट नसलेल्या परीक्षांचे अर्ज याच महिन्यात भरायला घ्या. तुमच्या वयाला ‘मैत्री’ केंद्र लागू नाही, १४४१६ मात्र आहे, आणि तिथे मुलगेही फोन करतात.

मुलांच्या गटासाठी वेगळी खोली शोधू नका, तुमचे मैदान आहे. शनिवारी धावणे झाल्यावर अर्धा तास थांबा, भरतीत एकदा-दोनदा बाद झालेल्या एखाद्या मोठ्या मुलाला आधी बोलायला सांगा. पैसे लागणार नाहीत. फक्त ‘अर्धा तिकीट’ म्हणणाऱ्या दोघांना आदल्या दिवशी चहाला नेऊन विश्वासात घ्या.